चिठ्ठी डॉक्टरांची, वाटा कुणाचा?

(प्रदर्शनासाठी दादरला आलेल्या आपल्या गटांच्या प्रतिनिधींसमोर परळ इथे झालेलं हे भाषण. वक्त्या परळ-लालबाग भागात अनेक वर्षं वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करतात. ज्या मैत्रिणींना येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.)



तुम्ही पापड, मसाले, गोधड्या घेऊन मुंबईला आलात. दादर स्टेशनची गर्दी बघितलीत, लालबागचा मसाल्याचा बाजार बघितलात. पण आपल्या गावाकडची माणसं परळला येतात ती बहुतेक वेळा बाजारासाठी येत नाहीत, आजारपणासाठी येतात. इथे एका चालण्याच्या अंतरात केईएम आहे, टाटा आहे, लहान मुलांचं आणि बायकांचं वाडिया आहे, कामगारांचं ईएसआयचं महात्मा गांधी हॉस्पिटल आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन बघा, अख्खा महाराष्ट्र तिथे भेटतो. हातात फाईल, खांद्याला पिशवी, आणि डोक्यावर कर्ज.

आज मला त्या कर्जाबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या गटाचं कर्ज रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. शेळीसाठी घेतलेलं कर्ज असतं, शिलाई मशीनसाठी, शाळेच्या फीसाठी असतं. आणि मग "आजारपण" असं लिहिलेल्या नोंदी. शेळीचं कर्ज फिटतं, कारण शेळी दूध देते, पिल्लं देते. आजारपणाचं कर्ज लवकर फिटत नाही, कारण त्यातून काही परत येत नाही. तब्येत परत आली तरी पुष्कळ झालं. म्हणून हा पैसा कुठे जातो हे बघायचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे. डॉक्टरची फी, औषध, तपासणी, ऑपरेशन, एवढंच आपल्याला दिसतं. त्यात एक न दिसणारा वाटा असतो. त्याला म्हणतात कट.

कट म्हणजे काय

सोपं उदाहरण घेऊ. समजा तुमच्या पोटात दुखतंय. गावातले डॉक्टर म्हणाले, तालुक्याला जाऊन अमुक सेंटरवरच सोनोग्राफी करा. तुम्ही दोन हजार रुपये भरलेत. त्यातले काहीशे रुपये संध्याकाळी किंवा महिन्याअखेर पाकिटातून त्या डॉक्टरकडे परत गेले. पावतीवर ते कुठेच नाहीत. तुम्हाला वाटतं दोन हजार सोनोग्राफीचे. खरं तर त्यातला एक भाग "पेशंट पाठवल्याबद्दल"चा. सोनोग्राफीच्या जागी एमआरआय आला की रक्कम वाढते, आणि ऑपरेशनसाठी शहरातल्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं की आणखी वाढते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्हीही पापड दुकानात ठेवतो तेव्हा दुकानदाराला कमिशन देतोच की. बरोबर आहे. पण फरक समजून घ्या. पापड घ्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवतं. आवडला नाही तर पुढच्या वेळी दुसरा घेतं. आजारपणात काय घ्यायचं हे आपण ठरवत नाही, डॉक्टर ठरवतात. आपण त्यांच्या शब्दावर अंगठा देतो. म्हणून ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याच्या खिशात त्या निर्णयातून पैसा येता कामा नये. आपल्या गटाची सचिव खत खरेदी ठरवते आणि खतवाल्याकडून गुपचूप पैसे घेते, हे आपण चालवून घेऊ का? तिला पदावरून काढू. खत चांगलं असलं तरी काढू.

डॉक्टरांचा स्वतःचा नियमही हेच सांगतो. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन देऊ नये, घेऊ नये, मागू नये, असं त्यात स्पष्ट आहे. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू आणि सहली घेण्यावर २००९ मध्ये त्यात बंधनं आली. म्हणजे कट ही नुसती वाईट सवय नाही, तो नियमभंग आहे.

बाराशे रुपयांचा चेक

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव कोकणातल्या मैत्रिणींना माहीत असेल. विंचू चावल्यावर माणसं मरायची, त्यावर त्यांनी उपचार शोधला आणि तो जगभर मान्य झाला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या डॉक्टरांना काही वर्षांपूर्वी एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी एक रुग्ण त्या केंद्रात तपासणीला पाठवला होता, त्याबद्दल. कुणीही गप्प बसलं असतं. त्यांनी चेक परत केला आणि २०१३ च्या सुमाराला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली.

या गोष्टीतून दोन गोष्टी कळतात. एक, सगळे डॉक्टर सारखे नसतात. आणि दुसरी, त्या प्रकरणात चेक होता म्हणून तक्रार करता आली. बाकी ठिकाणी व्यवहार रोखीत होतो आणि कागदाचा तुकडाही उरत नाही.

पुण्याच्या "साथी" संस्थेचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून एक अहवाल काढला. नंतर त्यावर पुस्तकही आलं. डॉक्टरांनीच डॉक्टरी धंद्याबद्दल मोकळेपणाने सांगितलं. त्यात कट होता, नको असलेल्या तपासण्या होत्या आणि मोठ्या हॉस्पिटलांमधलं "टार्गेट" होतं. टार्गेट म्हणजे, तुमच्याकडे इतके पेशंट आले, त्यातल्या किती जणांचं ऑपरेशन झालं, याचा हिशेब मॅनेजमेंट डॉक्टरला विचारतं. साखर कारखान्यात गाळप किती झालं हे विचारावं, तसं. पण उसाला गाळपाची गरज असते. माणसाला ऑपरेशनची गरज असेलच असं नाही.

२०१७ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या हृदयरोग रुग्णालयाने शहरात फलक लावले की आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही. डॉक्टरांच्या संघटनेने त्यावर हरकत घेतली, की यामुळे सगळ्या डॉक्टरांची बदनामी होते. बघा हं, "आम्ही चोरी करत नाही" असं एकाने लिहिलं आणि गावात खळबळ माजली. त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला, त्यात तुरुंगवासाची तरतूद होती. मसुदा झाला, चर्चा झाली, पण तो विधिमंडळात मंजूर होऊन कायदा झाला नाही.

डॉक्टर असं का करतात

आपण फक्त शिव्या देऊन भागणार नाही. कारण समजलं तर उपाय सापडतो.

गिरणगावातल्या जुन्या माणसांना विचारा. चाळीच्या तळमजल्यावर डॉक्टरचा दवाखाना असायचा. रंगीत मिक्श्चरची बाटली, चार पुड्या, फी नाममात्र. तो डॉक्टर घरातल्या तीन पिढ्यांना ओळखायचा. सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. पण आज त्याच लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि नव्या डॉक्टरला खोली भाड्याने घ्यायची तरी कर्ज काढावं लागतं. खासगी कॉलेजात शिकायला लाखो रुपये लागतात. मशीन कर्जावर, जागा कर्जावर. दुखण्याची फी मात्र लोक शंभर रुपये जास्त द्यायला कुरकुरतात. मग उघडपणे न मिळणारा पैसा चोरवाटेने येतो. नवीन सर्जनला सांगितलं जातं, कट द्या, नाहीतर तुमच्याकडे पेशंट येणार नाही. प्रामाणिक डॉक्टर रिकामा बसतो. म्हणून प्रामाणिक डॉक्टर सापडला तर त्याची फी आनंदाने द्या आणि शेजारणीलाही त्याचं नाव सांगा. त्याला टिकवणं आपल्या हातात आहे.

सरकारी दवाखान्यात पगार ठरलेला असतो, त्यामुळे जास्त ऑपरेशन केल्याने डॉक्टरला जास्त मिळत नाही. सरकारी डॉक्टरने खासगी प्रॅक्टिस करू नये म्हणून त्याला व्यवसायरोध भत्ताही मिळतो. तिथले दोष वेगळे. रांगा मोठ्या, औषध नसतं, आणि "ही तपासणी बाहेरून करून आणा" म्हणतात. बाहेरून म्हटलं की हॉस्पिटलच्या गेटबाहेर दलाल उभा. "मावशी, तिकडे चला, लगेच रिपोर्ट मिळेल." तोही या साखळीतलाच. त्यामुळे सरकारी म्हणजे चांगलं आणि खासगी म्हणजे वाईट, अशी सोपी विभागणी करू नका. प्रश्न एकच विचारायचा : मला हे सांगण्यात या माणसाचा काय फायदा आहे?

बाईच्या पोटाचा प्रश्न

या सगळ्याची सर्वात मोठी किंमत कोण मोजतं? आपण बायका.

बीडची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ बायकांची गर्भपिशवी काढली गेली. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी अगदी तरुण होत्या.

यात दोष एकट्या डॉक्टरचा नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीचे दिवस परवडत नाहीत. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, म्हणून अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग. अशी दमलेली बाई दवाखान्यात गेली की कुणीतरी म्हणतं, "पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." या एका वाक्यात मुकादमाचा फायदा आहे आणि ऑपरेशन करणाऱ्याचाही. तोटा फक्त बाईचा.

नीट ऐका. अंगावरून पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्यांनी उपचार होतो. पाळीत जास्त रक्त जात असेल तरी आधी तपासणी, मग औषधं, मग बाकीचे उपाय, आणि ऑपरेशन सगळ्यात शेवटी. कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासून बघायचं असतं, आणि ती तपासणी सरकारी रुग्णालयात होते. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर तरुणपणीच पाळी जाण्याचे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. काही बायकांना पिशवी काढणं खरोखरच गरजेचं असतं, तिथे ते जरूर करावं. पण भीती घालून, त्याच दिवशी, पैसे भरून, असं नको. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये गरज नसलेल्या गर्भपिशवी शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं.

बाळंतपणाचं बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यात शंभरातली साधारण १४ बाळंतपणं सिझेरियनने झाली आणि खासगीत साधारण ४७. काही अवघड केसेस खासगीत जातात हे खरं. सिझेरियनने आई आणि बाळ वाचतात हेही खरं. पण बाई तीच, हाडामांसाची. सरकारी दाराने गेली तर चौदा आणि खासगी दाराने गेली तर सत्तेचाळीस, एवढा फरक नुसत्या आजाराने पडत नाही.

परळमध्ये मला एक बाई भेटली होती. नाव सांगत नाही. तिच्या फाईलमध्ये एकाच महिन्यात एकाच दुखण्याचे तीन सीटी स्कॅन होते. गावाजवळच्या हॉस्पिटलने एक केला. जिल्ह्याच्या हॉस्पिटलने "तो स्पष्ट नाही" म्हणून दुसरा केला. तिसऱ्याने आमच्याच सेंटरचा हवा म्हणून तिसरा. परळला पोचेपर्यंत तिच्या गटाचे चाळीस हजार संपले होते आणि उपचार अजून सुरूच व्हायचे होते. तो पैसा दहा बायकांच्या आठवड्याच्या बचतीतून जमलेला होता. म्हणून मी म्हणते, कट हा डॉक्टर-डॉक्टरमधला मामला नाही. तो आपल्या पेटीतून जातो.

काय विचारायचं, कुठे जायचं

आता कामाचं बोलू. लिहून घ्या.

एक. डॉक्टरांना विचारा : ही तपासणी कशासाठी? रिपोर्ट अमुक आला तर उपचार बदलेल का? बदलणार नसेल तर तपासणी कशाला? हे उद्धटपणे नाही, हात जोडून विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

दोन. तपासणी कुठे करायची आणि औषध कुठून घ्यायचं हे निवडायचा हक्क तुमचा आहे. अमुक सेंटर, अमुक मेडिकल, अशी सक्ती करता येत नाही. त्याच औषधाचं जेनेरिक आहे का विचारा. जनऔषधी केंद्रात किंमत बघा.

तीन. घाईचं नसेल तर मोठ्या ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. दुसरा डॉक्टर पहिल्याने सुचवलेला नसावा. तो आपणच शोधायचा.

चार. आपले कागद मागा. मागितल्यावर ७२ तासांत ते द्यायचे असतात, असं आचारसंहितेत आहे. प्रत्येक रिपोर्ट एका फाईलमध्ये, तारखेप्रमाणे. म्हणजे तीच तपासणी पुन्हा पुन्हा होणार नाही.

पाच. खासगी हॉस्पिटलच्या भिंतीकडे बघा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तिथे रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावलेलं असलं पाहिजे. नसेल तर विचारा. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

सहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी १५५३८८ या नंबरवर होते. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला भेटा. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी वर पैसे मागितले तर तक्रार करा. मुंबईतली कितीतरी मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आहेत. अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेविकेला भेटा. दारातला दलाल हे सांगणार नाही, कारण यात त्याला काही मिळत नाही.

सात. ॲलोपॅथी डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. तिचं ऑफिस इथून जवळच, चिंचपोकळीला साने गुरुजी मार्गावर, आर्थर रोड नाक्याजवळ आहे. तक्रार लेखी हवी आणि कागद सोबत हवेत.

आणि आपण?

शेवटचं बोलते, आणि हे थोडं कडू आहे.

ही साखळी फक्त डॉक्टरांची नाही. ॲम्ब्युलन्सवाला, रिक्षावाला, मेडिकलवाला, गावातला डॉक्टर, सगळ्यांना वाटा मिळतो. आता हॉस्पिटलचे प्रतिनिधी बचत गटापर्यंत येऊ लागलेत. "ताई, तुमच्या गावात मोफत शिबिर घेऊ. मंडप आमचा, नाश्ता आमचा. तुम्ही फक्त बायका जमवा. प्रत्येक पेशंटमागे तुम्हाला थोडं मानधन." ऐकायला छान वाटतं. पण शिबिर मोफत असलं तरी हॉस्पिटलचं बिल मोफत नसतं. ज्या दिवशी आपण पेशंटमागे पैसे घेतले, त्या दिवशी आपणही कट घेतला. फरक एवढाच की आपल्या शेजारणीचा आपल्यावर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास असतो.

आशाताईला सरकारकडून मोबदला मिळतो, मग तो चालतो का? चालतो, कारण तो उघड आहे. दर ठरलेला आहे, कागदावर आहे, पेशंटच्या खिशातून चोरून येत नाही. कुठलाही मोबदला समोर आला की हे तीन प्रश्न लावा : उघड आहे का? देतो कोण? पेशंटला माहीत आहे का? तिन्ही उत्तरं ठीक नसतील तर नाही म्हणा.

तुमच्या ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हे ठराव मांडा अशी माझी विनंती आहे. आपल्या गावात शिबिर घेणाऱ्याने पुढच्या उपचाराचे दर आधी लेखी द्यावेत. आपली कुणीही सदस्य, सीआरपी किंवा पदाधिकारी पेशंट पाठवल्याबद्दल पैसे घेणार नाही. आणि आजारपणाचं कर्ज मागणाऱ्या मैत्रिणीबरोबर गटातली एक जण दवाखान्यात जाईल. कर्ज नाकारायला नाही, सोबत म्हणून. दोघी असल्या की प्रश्न विचारायला धीर येतो, आणि समोरचाही जरा जपून बोलतो.

आपण पाच-दहा रुपयांचा हिशेब लिहून, सगळ्यांसमोर वाचून, सह्या करून इथवर आलो. उघड हिशेबाची ताकद आपल्याला माहीत आहे. तीच दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊ या.